आवाज तुटतो की हरवतो? लिनक्सवरच्या ध्वनीच्या तक्रारींचा छडा

प्रश्न असा आहे: लॅपटॉपवर उबंटू 24.04 आहे. गाणं लावून ब्राउझरमध्ये काम करताना आवाज मध्येच तडतडतो. लॅपटॉप झोपेतून उठवला की कधीकधी सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं. ब्लूटूथ हेडफोन लावून मीटिंगला बसलं की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. नेटवर सापडलेल्या पाच-सहा आज्ञा चालवून झाल्या, पल्सऑडिओ (आवाज सांभाळणारा जुना सर्व्हर) काढून पुन्हा टाकून झाला, फरक नाही. कायमचा उपाय काय?

तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत, पण त्यांचं मूळ एक नाही. आवाज तुटतो तेव्हा कोणीतरी वेळेवर पोचलेलं नसतं. आवाज हरवतो तेव्हा तो चुकीच्या वाटेला गेलेला असतो, नाहीतर त्याची वाटच बंद असते. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही. बफर (आवाजाचा आधीच भरून ठेवलेला साठा) वाढवून ‘डमी आउटपुट’ जात नाही आणि सर्व्हर पुन्हा सुरू करून तडतड कायमची थांबत नाही. नेटवरच्या आज्ञा बहुतेक वेळा हा भेद न करता दिलेल्या असतात, म्हणून त्या एकाला लागू पडतात आणि दहा जणांना नाही. (आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत टाइप करायची.)

सुरुवात जुनी मलमपट्टी काढण्यापासून करा. उबंटूत 22.10 पासून डेस्कटॉपचा आवाज पाइपवायर हा नवा सर्व्हर सांभाळतो. तुम्ही पल्सऑडिओ पुन्हा टाकलात, म्हणजे एकाच साउंड कार्डावर दोन कारभारी नेमलेत. ‘पॅक्टल (पी-ए-सी-टी-एल) इन्फो’ चालवा आणि सर्व्हर नेमची ओळ वाचा. तिथे ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर 1.0...)’ असं दिसलं तर ठीक. नुसतं पल्सऑडिओ दिसलं तर ते पॅकेज काढा आणि पाइपवायर-पल्स, पाइपवायर-अल्सा, वायरप्लंबर ही तीन पॅकेजं आहेत ना ते बघा. अल्सा म्हणजे कर्नलमधली (सिस्टमच्या गाभ्यातली) कार्डाशी बोलणारी व्यवस्था, आणि वायरप्लंबर म्हणजे कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे जायचा ते ठरवणारा पाइपवायरचा सोबती. ‘पल्सऑडिओ-यूटिल्स’ मात्र ठेवा. पॅक्टल त्यातूनच येतं, आणि ते नुसतं हत्यार आहे, सर्व्हर नाही.

मग तीन ठिकाणं तपासा. घरच्या फोल्डरमधली ‘.असाउंडआरसी’, ‘/ईटीसी/असाउंड.कॉन्फ’, आणि ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मधल्या फाइली. शेवटच्या ठिकाणी ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल मॉडेल=’ अशी एखादी ओळ हमखास सापडते. ती कोणाच्या तरी वेगळ्याच लॅपटॉपसाठी होती. ती ड्रायव्हरला कोडेकच्या (आवाजाच्या चिपच्या) जोडण्यांविषयी चुकीची माहिती देते आणि मग स्पीकरचा आवाज हेडफोनच्या पिनला जातो. तुम्ही टाकलेल्या ओळी काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि मगच पुढचं वाचा.

तडतड: वेळ का चुकते

कार्ड सेकंदाला 48,000 नमुने (आवाजाची मोजलेली मापं) खातं. पाइपवायर ते त्याला घासाघासाने भरवतो. या घासाला क्वांटम म्हणतात आणि तो मुळात 1024 नमुन्यांचा असतो. 1024 भागिले 48,000 म्हणजे 21.3 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ब्राउझर, प्लेअर, मधले फिल्टर या सगळ्यांनी आपापलं काम संपवून पुढचा घास तयार ठेवायचा. एखादा 22व्या मिलिसेकंदाला आला तर कार्डापाशी द्यायला काही नसतं, आणि ती पोकळी ‘टक्’ म्हणून ऐकू येते. याला एक्सरन म्हणतात. घास 256 चा असेल तर हातात 5.3 मिलिसेकंदच राहतात, 64 चा असेल तर 1.3.

सिस्टम मॉनिटर सीपीयू 12 टक्के दाखवतो आणि आवाज तरी तुटतो, याचं कारण हेच. मॉनिटर सेकंदाची सरासरी सांगतो. आवाजाला सरासरीशी देणंघेणं नसतं, दर खेपेला वेळेवर येण्याशी असतं.

आता ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा आणि आवाज तडतडत असताना ‘ईआरआर’ हा रकाना बघत राहा. निम्मं निदान इथेच होतं.

आकडा वाढतोय आणि एका प्रोग्रामच्या ओळीत ‘बिझी’चा वेळ क्वांटमच्या जवळ जातोय: तो प्रोग्राम स्वतःच फार काम करतोय. नॉइज कमी करणारे आणि इक्वलायझरचे फिल्टर याला कारण असतात. फिल्टर बंद करून बघा.

आकडा वाढतोय, बिझी कमी आहे, पण प्रोग्रामच्या ओळीत ‘वेट’ फुगतोय: काम थोडंच आहे, पण कर्नल त्या थ्रेडला (प्रोग्रामच्या त्या कामाला) पाळीच देत नाही. हा अग्रक्रमाचा किंवा वीजबचतीचा प्रश्न. फक्त कार्डाच्या स्वतःच्या ओळीतला वेट वेगळा वाचायचा. तिथे तो सगळ्या साखळीची एक फेरी पुरी व्हायला लागलेला वेळ असतो, त्यामुळे तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका.

आकडा हलतच नाही आणि तरी तडतड ऐकू येते: पाइपवायर निर्दोष आहे. आधी आवाजाची पातळी बघा. 100 टक्क्यांच्या वर, 130-150 वर ठेवली असेल तर लाटेचे शेंडे छाटले जातात आणि ती खरखर हुबेहूब एक्सरनसारखी वाटते. पातळी 100 वर आणा. तरीही राहिली तर ती यूएसबी, ब्लूटूथ किंवा मूळ फाइल-स्ट्रीममधून येतेय.

वेळेचाच प्रश्न आहे का याची खात्री करायला एक तात्पुरता प्रयोग आहे: ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज 0 क्लॉक.फोर्स-क्वांटम 2048’. हा लगेच लागू होतो आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की आपोआप जातो. हाताने काढायचा तर शेवटी 2048 च्या जागी 0. घास दुप्पट, म्हणजे 42.7 मिलिसेकंद झाला. तडतड थांबली तर निदान पक्कं. पण इथेच थांबू नका. कोणीतरी 21 मिलिसेकंदांत काम संपवत नाही हे तसंच राहतं, मोठ्या बफरने ते फक्त झाकलं जातं.

त्या आधी पीडब्ल्यू-टॉपमध्ये ‘क्वांट’ हा रकानाही वाचा, कारण तुमच्या तक्रारीचं लक्षण नेमकं इथे जुळतंय. पाइपवायरमध्ये एखादा प्रोग्राम लहान घास मागू शकतो, आणि त्या कार्डावरचे सगळेच मग त्या लहान घासावर चालतात. गाणं 1024 वर सुरळीत चालू असतं, ब्राउझरमध्ये कॉल किंवा गेम सुरू होतो, क्वांट 256 किंवा 128 वर येतो आणि तडतड सुरू. यावर खालची मर्यादा घालून द्यायची. घरच्या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर.कॉन्फ.डी’ हा फोल्डर करा, त्यात ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल टाका, आणि ‘कॉन्टेक्स्ट.प्रॉपर्टीज’च्या महिरपी कंसात ‘डिफॉल्ट.क्लॉक.मिन-क्वांटम = 512’ लिहा. ‘/यूएसआर/शेअर’मधल्या मूळ फाइलीला हात लावू नका, पुढचा अपडेट ती पुसून टाकतो. मग ‘सिस्टमसीटीएल --यूझर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर’. यात सुडो नाही. पाइपवायर तुमच्या नावावर चालतो. सुडो लावलंत तर आज्ञा रूटच्या सत्राला जाते, आणि तिथे तुमचा आवाज नसतोच.

512 म्हणजे 10.7 मिलिसेकंद. गाणी, सिनेमा, मीटिंग यांना हे पुरून उरतं. गिटार किंवा हार्मोनियम इंटरफेसला लावून आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकत वाजवायचं असेल तरच 128 च्या खाली जाण्यात अर्थ आहे. बाकी लोक लहान बफरच्या मागे का लागतात हे कोडंच आहे.

अग्रक्रमाची तपासणी अशी: ‘पीएस -ईएलओ आरटीप्रायो,सीएलएस,कॉम’ (यात ‘एल’ मोठं अक्षर) चालवून त्यात ‘डेटा-लूप’ नावाची ओळ शोधा. वर्गाच्या रकान्यात ‘आरआर’ किंवा ‘एफएफ’ असेल तर त्या थ्रेडला रिअलटाइम अग्रक्रम मिळालाय. ‘टीएस’ असेल तर तो बाकीच्या गर्दीबरोबर रांगेत उभा आहे, आणि ब्राउझरने वीस टॅब उघडले की मागे पडणारच. ‘आरटीकिट’ हे असा अग्रक्रम मिळवून देणारं पॅकेज आहे आणि चालू आहे याची खात्री करा. ते असूनही मिळत नसेल तर तुमचं नाव ‘पाइपवायर’ या गटात घाला, ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी’ मध्ये त्या गटाला आरटीप्रायो 95, नाइस -19 आणि मेमलॉक 4194304 द्या, आणि मशीन रीस्टार्ट करा. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने मर्यादा बदलत नाहीत. इथे पुष्कळ जण फसतात आणि उपायच चुकीचा होता असं ठरवून मोकळे होतात.

अग्रक्रम आहे आणि तरी तडतड, तीही फक्त बॅटरीवर? मग वीजबचत. पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर ठेवून ऐका. फरक पडला तर कारण सापडलं. रिअलटाइम कर्नलचा मात्र लगेच विचार करू नका. त्याचा पाया असलेलं प्रीएम्प्ट-आरटी 2024 मध्ये 6.12 पासून मुख्य कर्नलमध्ये आलं आहे आणि ते चांगलंच आहे, पण ते 64-128 च्या घासावर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. 1024 वर तडतडणाऱ्या लॅपटॉपचा दोष दुसरीकडेच असतो.

व्हर्च्युअल मशीनच्या आत लिनक्स चालवत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पाहुण्या सिस्टमचं घड्याळ यजमानाच्या मर्जीवर चालतं. पाइपवायर हे ओळखून किमान क्वांटम आपोआप 1024 धरतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर 2048 करा आणि सोडून द्या.

यूएसबीवरचे डॅक (आकड्यांचा आवाज करणारी उपकरणं) आणि माइक

यूएसबी आवाज ज्या पद्धतीने पाठवते तिला आयसोक्रोनस म्हणतात. तीत बँडविड्थ राखून ठेवलेली असते, पण हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवलं जात नाही. फाइल कॉपी करताना खराब केबलने फक्त वेग कमी होतो. आवाजात तीच केबल सरळ ‘टक्’ ऐकवते. म्हणून पहिले उपाय हाताचे: हब काढा, उपकरण थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, केबल बदला, एकाच हबवरचा कॅमेरा आणि डॅक वेगळे करा. मग यूएसबीची आपोआप झोप बंद करा. कर्नलला ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड=-1’ हा पॅरामीटर दिला की झालं; मुळात तो 2 सेकंद असतो.

एवढ्यानेही राहिलं तर वायरप्लंबरच्या नियमात (तो कुठे लिहायचा ते पुढे येतं) त्या उपकरणापुरतं ‘एपीआय.अल्सा.हेडरूम’ 1024 करा. काही उपकरणं आपण कुठवर वाचलंय हे सरकारी हप्त्यासारखं थबकत-थबकत सांगतात. हेडरूम म्हणजे त्यांच्यासाठी ताटात वाढून ठेवलेला जास्तीचा घास.

आणि हे ऑपरेटिंग सिस्टमच्या खात्यात टाकू नका: चार्जर लावल्यावर येणारी आणि काढल्यावर थांबणारी गुणगुण. आपल्याकडे ती 50 हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. अर्थिंग नसलेला प्लग किंवा दोन उपकरणांमध्ये तयार झालेला अर्थचा लूप हे तिचं कारण. कोणतीही आज्ञा ती घालवणार नाही.

डमी आउटपुट: वाट कुठे बंद झाली

‘डमी आउटपुट’ म्हणजे पाइपवायरला एकही वापरण्याजोगं कार्ड सापडलं नाही. पुढचा प्रश्न एवढाच: कार्ड कर्नलला दिसतंय का? ‘एप्ले (ए-पी-एल-ए-वाय) -एल’ चालवा, किंवा ‘/प्रॉक/असाउंड/कार्ड्स’ वाचा.

यादीत कार्ड आहे, पण पाइपवायरला नाही: कोणीतरी ते अडवून बसलंय, किंवा वायरप्लंबरला चुकीचं प्रोफाइल आठवतंय. ‘फ्यूझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ हे कोण बसलंय ते नावानिशी सांगतं. जुना पल्सऑडिओ, एखादा जॅक सर्व्हर (रेकॉर्डिंगवाले वापरतात तो) किंवा थेट अल्सावर बोलणारा प्लेअर सापडतो. कोणीच नसेल तर ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ या फोल्डरचं नाव बदलून वायरप्लंबर रीस्टार्ट करा. त्यात जुन्या निवडी साठवलेल्या असतात, आणि कधीकाळी ‘ऑफ’ केलेलं प्रोफाइल तो इमानाने लक्षात ठेवतो. पुसण्यापेक्षा नाव बदललेलं बरं, परतीची वाट राहते.

यादीत कार्डच नाही: वरच्या मजल्यावर काहीही करून उपयोग नाही, दोष ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा आहे. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये (डी-एम-ई-एस-जी) ‘एसओएफ’ आणि ‘एसएनडी’ शोधा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये माइक डिजिटल असतो आणि आवाज डीएसपी या वेगळ्या प्रोसेसरमधून जातो. त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. उबंटू आणि डेबियनवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरावर अल्सा-एसओएफ-फर्मवेअर, आर्चवर एसओएफ-फर्मवेअर. फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी ओळ दिसली तर पॅकेज टाकून रीस्टार्ट करा. ‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ला ‘डीएसपी_ड्रायव्हर=1’ देऊन जुना मार्ग धरायचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने स्पीकर चालू होतील, पण अंगभूत डिजिटल माइक जाईल. मीटिंग करणाऱ्याला तो सौदा परवडत नाही.

तुमच्या बाबतीत हे झोपेतून उठल्यावर होतं, म्हणून झोपेआधी आणि उठल्यावर अशी दोनदा यादी बघा. दोन्ही वेळा कार्ड दिसत असेल तर वायरप्लंबर रीस्टार्ट करणं पुरेल. उठल्यावर कार्ड गायब असेल तर ड्रायव्हर उठलेला नाही. मग बायोस अपडेट आणि नवा कर्नल हेच खरे मार्ग. दरम्यान ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ वाचा. तिथे ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ असे दोन्ही पर्याय असतील तर चौकटी कंसात नसलेला पर्याय एकदा निवडून बघा. त्याच लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि काही कोडेक अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतात. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा तक्रारींत हे पुष्कळदा निघतं.

सर्व्हर बाजूला ठेवून थेट कार्डाची परीक्षा घ्यायची असेल तर ‘स्पीकर-टेस्ट -सी 2 -टी वेव्ह’ (डब्ल्यू-ए-व्ही) वापरा, आणि -डी (मोठं अक्षर) देऊन कार्डाचं नाव सांगा. त्याआधी पाइपवायर थांबवताना सर्व्हिसबरोबर त्याचे दोन्ही सॉकेटही थांबवावे लागतात: पाइपवायर.सॉकेट आणि पाइपवायर-पल्स.सॉकेट. नाहीतर कोणी आवाज मागताच तो पुन्हा जागा होतो आणि परीक्षा खोटी ठरते.

कार्ड दिसतंय, पातळी हलतेय, पण ऐकू काहीच येत नाही? ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ6 ने खरं कार्ड निवडा. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर म्यूट आहे, एम दाबा. हेडफोन काढल्यावरही स्पीकर गप्प असतील तर ऑटो-म्यूट मोड बंद करून बघा. आणि मॉनिटर एचडीएमआयने लावलेला असेल तर आवाज बिनास्पीकरच्या मॉनिटरकडे जात नाही ना, हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

यातच एक छोटी तक्रार बसते: प्रत्येक आवाजाचा पहिला अर्धा सेकंद कापला जातो, किंवा सुरुवातीला ‘पट्’ होतं. पाच सेकंद शांतता राहिली की वायरप्लंबर कार्डाला झोपवतो, शिवाय कर्नलची स्वतःची वीजबचत वेगळी. नियमात ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स = 0’ द्या, आणि ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’चा ‘पॉवर_सेव्ह’ 0 करा. टीएलपी ही वीजबचतीची सेवा वापरत असाल तर तिच्या फाइलीतही साउंड पॉवर सेव्ह 0 करावं लागतं, नाहीतर ती तुमचा आकडा परत बदलते.

इथे एक सापळा आहे. उबंटू 24.04 मध्ये वायरप्लंबरची 0.4 मालिका आहे. तिचे नियम लुआ भाषेत, ‘मेन.लुआ.डी’ या फोल्डरमध्ये. 2024 मध्ये आलेल्या 0.5 पासून नियम ‘वायरप्लंबर.कॉन्फ.डी’मध्ये, वेगळ्या मांडणीत लिहायचे आहेत, आणि जुन्या लुआ फाइली वाचल्याच जात नाहीत. सिस्टम वर चढवल्यावर ‘सगळं चालू होतं, अचानक बिघडलं’ असं वाटतं ते यामुळे. नेटवरचा कोणताही नियम उचलण्याआधी ‘वायरप्लंबर --व्हर्जन’ बघा.

ब्लूटूथचा टेलिफोनी आवाज

हा बिघाड नाही. गाण्याचं प्रोफाइल, म्हणजे ए2डीपी, हेडफोनकडे आवाज पाठवतं, माइक परत आणत नाही. मीटिंगने माइक मागितला की जोडणी एचएफपी प्रोफाइलवर जाते. तिथे जुना कोडेक (इथे आवाज दाबून पाठवायची पद्धत) सीव्हीएसडी असेल तर 8 किलोहर्ट्झ, एमएसबीसी असेल तर 16 किलोहर्ट्झ नमुने, तेही मोनो. साधा, हमखास उपाय: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर हेडफोनचा. हेडफोनचा माइक कोणी मागितलाच नाही तर प्रोफाइल ए2डीपीवरच राहतं.

ब्लूटूथचा आवाज तुटत असेल तर वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर न्या; दोघे 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात आणि बहुधा एकाच अँटेनावर भांडतात. ब्लूटूथ डोंगल यूएसबी 3 च्या हार्ड डिस्कशेजारी लावला असेल तर हातभर एक्स्टेन्शन केबलने दूर करा. यूएसबी 3 चा गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो.

घरात विंडोजचं मशीन असेल तर भेद तोच लावायचा. तुटत असेल तर लेटन्सीमॉन चालवून कोणत्या ड्रायव्हरचा डीपीसी (हार्डवेअरचं तातडीने उरकायचं काम) लांबतोय ते बघा. मायक्रोसॉफ्टची अपेक्षा तो 100 मायक्रोसेकंदांत संपावा अशी आहे. दोषी बहुधा वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघतो, आवाजाचा नाही. हरवत असेल तर विंडोज ऑडिओ आणि ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन सर्व्हिसेस बघा, एन्हान्समेंट्स बंद करा, आणि तरीही नाही जमलं तर कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ लावून बघा.

तुमच्या मशीनवर क्रम असा ठेवा: पल्सऑडिओ आणि मॉडप्रोबच्या ओळी काढणं, मिन-क्वांटम 512, मीटिंगसाठी लॅपटॉपचा माइक. एका वेळी एकच बदल, आणि मधे एक दिवसभराचा वापर. झोपेनंतर कार्ड गायब होत असेल तर बग नोंदवायला ‘अल्सा-इन्फो’चा अहवाल लागेल. तो झोपेआधी एकदा आणि बिघडल्यावर एकदा, ‘--नो-अपलोड’ देऊन काढा आणि दोन्ही जोडा. हा पर्याय न देता, विचारल्यावर होकार दिलात, तर अहवाल सार्वजनिक सर्व्हरवर चढतो.